उपाशी मेंढीची लोकर

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
वैशाख वद्य पंचमी

प्रिय सावनी,

दूरध्वनी नामक यंत्र तू माझ्याविरुद्ध बंद केले आहेस, आणि ते चालू असते तेव्हा तुझ्या मातोश्री माझ्या पाठीमागे उभ्या राहून उभयपक्षी संभाषण श्रवण करतात. सबब टपाल या प्राचीन संस्थेला शरण जाणे प्राप्त झाले. पाकिटावर मुद्दामच वरदरावांचे नाव घातले आहे. तुझे नाव घातले असते तर माझे अक्षर ओळखून तू ते न फोडताच कपाटावर टाकले असतेस, अशी साधार भीती वाटली.

तुझा कोप न्याय्य आहे, हे प्रथमच मान्य करतो. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा नियम कोणत्याही स्मृतिग्रंथात शोधावा लागत नाही. तो तुझ्या आईने ओटीभरणाच्या दुसऱ्याच दिवशी मोडला. "इथं पाणी नाही गं, तू नाशिकलाच राहा, सासूबाई करतील सगळं," असे ती म्हणाली आणि तू, "म्हणजे मला माहेर नाही, असंच ना?" असे विचारून फोन ठेवलास. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात ते वाक्य पाहुण्यासारखे मुक्काम ठोकून आहे. आम्ही दोघे त्याला वळसा घालून जेवतो.

पाण्याविषयी ती असत्य बोलली नव्हती. नळ आठवड्यातून एकदा, तोही ग्रहणाच्या पुण्यकाळाइतका अल्पावधी, प्रसन्न होतो. तू जिथे सायकल शिकलीस त्या मोकळ्या जागेवर आता उत्तुंग इमारत उभी राहात आहे. तिच्या फलकावर जलतरण तलावाचे निळेशार चित्र असून, त्याच फलकाच्या सावलीत आम्ही सभ्य नागरिक रिकामी पिंपे घेऊन टँकरची आराधना करतो. या विरोधाभासावर मी शिक्षककक्षात इतकी व्याख्याने दिली, की सहकारी आता मला पाहताच गृहपाठ तपासू लागतात. अर्थात, मुलीला बोलावू नये इतके पाणी कमी आहे, यावर मीही विश्वास ठेवला. एवढ्या मोठ्या दुष्काळापुढे शंका काढणे मला क्षुद्रपणाचे वाटले.

आता तुझ्या आईच्या सूतयज्ञाविषयी. विणकाम तिचे जुनेच. परंतु तुझी गोड बातमी कळली तेव्हा, विकतच्या लोकरीत काय मिसळतात कोण जाणे, असे म्हणून तिने टकळीवर घरीच सूत कातण्याचे व्रत घेतले. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी एकही टाका घालायचा नाही, हा तिच्या घराण्याचा दंडक तुला ठाऊक आहे. कातायला मात्र मुभा. सूत अद्याप टोपडे नसते, मोजे नसतात. ते निर्गुण निराकार असल्यामुळे दृष्ट लावणाऱ्यालाही नेमके कुठे पाहावे ते उमगत नाही. तेव्हा पाचोडच्या बाजारातून मी पुंजाराम मेंढपाळाकडची कोकरांची पहिली कातरण आणायची, तिने ती धुवायची, पिंजायची, कातायची आणि गुंडे करून तुझ्या जुन्या दप्तरात भरायचे, अशी श्रमविभागणी ठरली. लोकर धुवायला या घरात पाणी होते, सावनी. ते तुझ्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. माझ्या यायला हवे होते.

संक्रांतीनंतर सूत तुटू लागले. जे एकसारखे, रेशमी निघायचे त्यात कुठे गाठ, कुठे केसाइतका बारीक पदर. टकळी फरशीवर पडल्याचा आवाज दुपारभर येई. मी विचारले तेव्हा तिने शांतपणे सांगितले, "मेंढ्या उपाशी आहेत. उपासाच्या दिवसांत वाढलेला केस मधेच कच्चा राहतो, ताण दिला की तिथंच तुटतो." हे शास्त्रशुद्ध आहे. मी चौकशी केली. अशा उत्तम कारणाला मी काय आक्षेप घेणार? दुष्काळाचा असा सूक्ष्म परिणाम आपल्याच घरात पाहायला मिळाला, याचा मला किंचित अभिमानसुद्धा वाटला. मूर्खाला अभिमान वाटायला निमित्त फार लागत नाही.

मग मी उपायाचा विडा उचलला. गेल्या रविवारी पाचोडला जाऊन पुंजारामाकडे दुष्काळापूर्वीची, पोटभर खाल्लेल्या मेंढ्यांची लोकर मागितली. त्याने ती स्वतःच्या घोंगडीसाठी कडुनिंबाचा पाला घालून पोत्यात राखून ठेवली होती. "मास्तर, लेकीचं बाळंतपण हाय म्हून द्यायलो, नायतर हा माल मी कुनाला दावत बी नाय," असे बजावून त्याने पोते सोडले आणि विचारले, "पोरगी कवा यायली?" मी पाण्याची सबब सादर केली. तो लई हसला. म्हणाला, "काय बोलाव मास्तर तुमाला! आमी मेंढरं घेऊन पान्यामागं गावोगाव हिंडायलो, तरी बी लेक बाळंतपनाला आमच्यातच आनली. पान्यापायी कुनी लेक तोडतंय व्हय?" मी परतीच्या बसमध्ये त्याला देण्याजोगी अनेक समर्पक उत्तरे रचली. एकही टिकले नाही.

ती लोकर उत्कृष्ट होती. तुझ्या आईने हात फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कातायला बसली आणि मी समोर वर्तमानपत्र उघडून, आपल्या यशाचे साक्षीदार व्हावे म्हणून, बसलो. सूत तुटले. तिने जोडले. पुन्हा तुटले. मी उठून त्या लोकरीची एक बट घेतली आणि दोन्ही हातांनी ओढली. तुटेना. पीळ देऊन ओढली. बोटाला वळ उठला, तरी तुटेना. मान वर केली तर ती माझ्याकडेच पाहत होती. उजवे मनगट तिने गुडघ्याखाली दाबून धरले होते. मी ते हळूच सोडवले. तिचा हात माझ्या तळहातावर थरथरत राहिला, गं. पकडलेल्या चिमणीसारखा.

कंपवात आहे. फाल्गुनातच, भिशीला जाते सांगून, ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती. गोळ्या सुयांच्या डब्यात ठेवते. परवा मीही तिच्याबरोबर जाऊन डॉक्टरांना भेटलो. जिवाला धोका नाही, औषधाने आटोक्यात राहील. मात्र हात पूर्वीसारखा होणार नाही. मी तिला विचारले, की आम्हाला का सांगितले नाहीस? त्यावर ती चिडली. "सांगून काय, पोरगी आठव्या महिन्यात रडत बसली असती. आणि इथं आली असती तर बाळ माझ्याच हातात दिलं असतं ना सगळ्यांनी. पातेल्यातलं दूध सांडतं, ते पुसता येतं. लेकरू सांडलं तर?" एवढे बोलून ती सूत गुंडाळायला लागली. मी, ज्याला प्रत्येक प्रसंगी सुभाषित आठवते तो, सुताचे दुसरे टोक धरून बसलो.

तुला यातले काही कळवायचे नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. ती मी हे पत्र लिहून मोडतो आहे. माझ्या भाषेचा तुला नेहमी कंटाळा येतो, म्हणून आता साधं लिहितो. तू ये. तुझ्या डॉक्टरांना प्रवासाचं विचार, त्यांनी हो म्हटलं की वरदरावांना गाडी काढायला सांग. आईला विचारू नकोस, ती पुन्हा पाण्याचंच नाव घेईल. दारात तुला पाहून ओरडेल, ओरडू दे. पाण्याचं माझ्यावर सोड, दोन टाक्या मागवल्यात आणि टँकरवाल्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा एकही संस्कृत शब्द न वापरता बोललोय. बाळंतिणींचं करणाऱ्या द्वारकाबाईंनाही भेटून आलो. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, पानी मी घालीन, लेकरू मी धरीन. आजीनं निस्तं पाय लांब करून पाटावर बसायचं." बाळाला न्हाऊ पायांवरच घालतात, नाही का! हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. हात कापतात गं तिचे. पाय नाही कापत.

तुझाच,
बाबा