माझ्या माघारी माझ्या आवाजाचे काय करावे

मी, पुंजाजी सखाराम बोचरे, वय एकाहत्तर, धंदा लाऊडस्पीकर व पुकार, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डोळ्यांना चष्मा आहे, कान अजून तरुणाचे आहेत. कोणी दम दिलेला नाही, कोणी पेढा भरवलेला नाही. थकलो मात्र आहे. थकलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते, हे नांदुऱ्याचे वकील गोपाल तायडे यांना विचारून घेतले आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. राहते घर माझे स्वकष्टाचे आहे. वडिलांनी मला घसा दिला, बाकी काही नाही. सायकलला भोंगा बांधून तंबूतल्या सिनेमाचा, जत्रेचा, दातांच्या औषधाचा पुकार करीत मी हे घर बांधले. ते माझ्या पत्नी पुष्पाबाई यांच्याकडे त्या हयात असेपर्यंत राहील. त्यांच्यानंतर मुलगा राजकुमार आणि शेगावला दिलेली मुलगी सुचिता यांचा निम्मा-निम्मा हक्क. ‘तुले तं सासर हाये’ असे सुचिताला कोणी म्हटले तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. माईक लावला तरी चालेल.

२. नाल्याकाठचे शेत आणि बँकेत जे काही असेल ते पुष्पाबाईंचे. त्यांनी ते कसे वापरले हे त्यांना कोणी विचारू नये. मी जिवंतपणी विचारले नाही.

३. ऑटो, जनरेटर, स्पीकरचे मोठे डबे, सगळे अॅम्प्लिफायर राजकुमारला. धंदा तोच पाहतो, आणि माझ्यापेक्षा नीट पाहतो. जुना चांदीच्या रंगाचा भोंगा आणि दांडीचा माईक मात्र माझे भागीदार शेख बशीर यांना. मी बोललो ते गावाला ऐकू आले ते बशीरच्या हातामुळे. दवाखान्याच्या कोपऱ्यावर, बाळंतिणीच्या घरापुढे, मी न सांगता तो आवाज कमी करायचा. त्याला वस्तू देत असल्यामुळे साक्षीला घेतलेले नाही. तो रुसेल. रुसू द्यावे.

४. आमच्याच गावचे उकंडराव यांनी लेकीच्या लग्नाला नेलेला माझा दुसरा भोंगा आजवर परत केलेला नाही. तो मी त्यांना याद्वारे देऊन टाकतो. म्हणजे त्यांना चोरून वाजवायला नको आणि मला रस्ता बदलून जायला नको.

५. आता आवाज. हा कागद त्याच्यासाठीच आहे.

आमच्या पट्ट्यात कोणी वारले की ऑटोवरून पुकार होतो. मयतीच्या पुकाराचे मी कधी काही घेतले नाही. आधी गल्ली, मग घर, मग थांबायचे, श्वास घ्यायचा, आणि मगच नाव. त्या थांबण्यात बायका चुलीवरचा तवा उतरवतात. नाव कानावर पडले की प्रत्येक घरातून चितेसाठी एकेक गोवरी त्या दारात जाऊन पडते. पुंजाजी बोलला म्हणजे माणूस गेला, अशी माझी पत होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी ओट्यावर चहा पीत होतो आणि शेजारच्या फोनमधून मीच बोलत होतो. कडूबा पाटील वारले, अंत्ययात्रा चार वाजता. कडूबा म्हणजे माझा बालमित्र, सकाळीच शेगावला दर्शनाला गेलेला. मी दोनदा ऐकले. आवाज माझाच होता, पण नावाआधी श्वास नव्हता. मी उठून सांगत सुटेपर्यंत गावाच्या ग्रूपवरून ते संग्रामपूरला त्याच्या बहिणीपर्यंत, तानाबाईपर्यंत पोचले होते. ती रडत गाडीतून उतरली. दारात गोवऱ्यांचा ढीग, माणसे बांबू बांधू लागलेली. रांगेत फोन बंद ठेवलेला कडूबा प्रसादाची पिशवी घेऊन ऑटोतून उतरला आणि गर्दीला विचारता झाला, “कोन गेलं व?”

तानाबाई जागीच बसली. कडूबा म्हणाला, “आता आलेच सारे, तं जेऊन जा.” लोक हसले. मला हसू आले नाही. मयतीसाठी आणलेली गोवरी कोणी घरी परत नेत नाही. तो ढीग त्याच्याच भिंतीला राहिला. पावसाळ्यात त्यावर त्याने ताडपत्री टाकली. म्हणे, कामास येईन.

मी ठाण्यात गेलो. तिथले साहेब भले माणूस.

“काका, काय चोरीले गेलं?”

“आवाज.”

“आता कोन बोलून राह्यलं मंग?”

“मीच.”

“म्हंजे वस्तू तुमच्यापाशीच हाये. चोरी कशी लिहू, सांगा.”

तरी त्यांनी अर्ज घेतला, सायबरवाल्यांकडे पाठवला. अज्ञात इसम. तो अजून अज्ञात आहे.

वकीलसाहेबांनी मला पुष्कळ समजावले. मुंबईच्या हायकोर्टाने एका नावाजलेल्या गायकाचा आवाज यंत्राने उचलू नये असा हुकूम दिला आहे. मी म्हटले, मग मलाही द्या. ते म्हणाले, “काका, त्याले देश वळखते. तुमाले नांदुरा तालुका.” यंदा फेब्रुवारीत नवे नियम लागू झाले, यंत्राने बनवलेल्या आवाजावर तशी खूण पाहिजे. पण ते नियम इंटरनेटवाल्यांना. ऑटोच्या भोंग्याला कोण खूण लावणार? माणसाची खासगी माहिती जपायला आणखी एक कायदा झाला आहे. त्यात आपल्या मरणानंतर आपल्या वतीने बोलणारा नेमता येतो, पण ते कलम लागू व्हायला अवकाश आहे. माझाही अवकाश किती ते ठाऊक नाही. कायदा येतो आहे, हे मी मान्य करतो. तो पायी येतो आहे.

६. हा आवाज बनवला राजकुमारने. माझा घसा दुखतो म्हणून, प्रेमाने. जुन्या रेकॉर्डिंगा फोनमधल्या यंत्राला ऐकवल्या, यंत्र शिकले. पुढे हौसेने त्याने ते मित्रांना दिले. कडूबाचा पुकार त्यातल्या कोणी केला हे त्याला माहीत आहे. ‘मले नाई मालूम’ म्हणताना त्याचा आवाज टाळूला लागला, आणि माझे कान असल्या बाबतीत चुकत नाहीत. मी नाव विचारणार नाही. बापापुढे मित्राचे नाव न घेणे हा मी त्याचा अवगुण धरत नाही.

पण पुढचे त्याने ऐकावे. डिसेंबरात कडूबा खरोखर गेला. मी स्वतः माईक हातात घेतला, बशीरने ऑटो चालवला. पारावर कोणी म्हणाले, “कडूबा दुसऱ्यांदा मेला का बे?” कोणी म्हणाले, “मशीन असन.” थोड्या घरांतून माणसे आली. नव्या गोवऱ्या आल्या नाहीत, भिंतीशी ताडपत्रीखाली राहिलेल्याच कामाला आल्या. तानाबाईला मी फोन केला.

“तानाबाई, मी पुंजाजी बोलतो.”

“तू पुंजाजीची मशीन हायेस. एक डाव रडली मी, आता नाई रडत.”

तिने फोन कापला, पुन्हा उचलला नाही. बशीर मोटारसायकल घेऊन संग्रामपूरला गेला आणि तिला घेऊन आला, तोवर चिता जळून खाली बसली होती. मी त्या दिवसापासून पुकार केलेला नाही.

७. राजकुमारचे म्हणणेही इथे लिहितो, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही. तो म्हणाला, “बाबा, तुमच्या मांगं लोकं तुमचाच आवाज मांगतीन. म्या नाई वापरला तं दुसरा वापरीन. त्यापरीस कागदावर माह्या नावानं करा. कायदा येईन तवा आपला हक्क पह्यलेच लिहेल असन.” बोलणे हुशारीचे आहे. त्याच्या वयाचा मी असतो तर हेच बोललो असतो.

पुष्पाबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या मला म्हणाल्या, “मी घरात एकटी असन, अन् रस्त्यानं तुमचा आवाज जाईन. मी दार उघडू का नको उघडू?”

राजकुमार उठून बाहेर गेला. मी चष्मा पुसत बसलो.

८. म्हणून असे ठरवतो. माझा आवाज मी कोणालाही देत नाही. राजकुमारला नाही, पक्षाला नाही, कंपनीला नाही. फोनमध्ये, यंत्रात, मित्रांकडे त्याच्या ज्या नकला असतील त्या राजकुमारने स्वतः पुसाव्यात आणि मित्रांकडूनही पुसून घ्याव्यात. माझ्या वतीने हे पाहण्याचा व कुठेही तक्रार करण्याचा अधिकार सुचिताला. निवडणुकीत कोणाच्या गाडीवरून मी बोलताना ऐकू आलो तर तो मी नव्हे, असे तिने जाहीर करावे. लग्नाच्या जुन्या कॅसेटींत मी मागे कुठे बोललो असेन ते राहू द्यावे. ते मी जिवंतपणी बोललो आहे.

वकीलसाहेब म्हणतात, आवाज मालमत्तेत बसत नाही असे उद्या कोर्ट म्हणाले तर हे कलम टिकणार नाही. टिकले नाही तर ही बापाने मुलाला केलेली विनंती समजावी. विनंती रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नाही.

९. माझ्या मरणाचा पुकार करू नये. ऑटो नको, भोंगा नको, ग्रूपवर काही टाकू नये. राजकुमारने पायी, घरोघरी जावे, दारात उभे राहून सांगावे. बाहेरगावी गाडी पाठवावी, फोन नव्हे. वेळ लागेल, मला घाई नसेल. माझ्यासारखे बोलायला त्याला कधी जमले नाही. नावाआधी तो थांबेल, नाव अर्धेच बाहेर पडेल. लोकांना तेवढ्यावर कळेल.

हा कागद मी वाचून, ऐकून, समजून सही केला. माझ्यासमोर दोघा साक्षीदारांनी आणि त्यांच्यासमोर मी.

सही: पुंजाजी सखाराम बोचरे

साक्षीदार:
१. गोविंदा किसन इंगळे, राहणार वडनेर भोलजी. सही.
२. प्रेरणा दिलीप वानखडे, शिक्षिका, राहणार नांदुरा. सही.

ठिकाण: वडनेर भोलजी
तारीख: १२ मार्च २०२६