आमचा खोडवा

१४ नोव्हेंबर १९९९, भवानीनगर

नाव सापडलं.

लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या संगणकप्रणालीत मराठी मेनू घालून आम्ही सगळ्यांनी केलेली आवृत्ती उद्या बारामतीच्या क्लासमध्ये वाटायची, आणि सीडीवर लिहायला नावच नव्हतं. आमच्यातल्या सलीमला काहीतरी भारदस्त संस्कृत हवं होतं. मला पटेना. मूळ काम दुसऱ्यांचं, एवढा थाट कशाला?

संध्याकाळी चहा पिताना हे सांगितलं, तर आबांनी उसाच्या भाषेत विचारलं, "म्हंजी लागण, पहिली लावणी, तुमची न्हाय?"

"नाही आबा. बुडखा त्यांचा, त्यांनीच मोकळा ठेवलेला. फुटवे आमचे." बोलले आणि थांबलेच. हा तर खोडवा. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा उभा राहिलेला ऊस. इतके दिवस डोळ्यांसमोर होता, सुचला कसा नाही?

लगेच सलीमला फोन लावला. तो वैतागला. "खोडव्याला टनेज कमी पडतं. लोक हसतील गं."

हसतील? माझंही मन जरा डळमळलं. तरी विचारलं, "तुमच्या रानात यंदा काय आहे?"

तोच हसला.

"खोडवाच," म्हणाला. "लिही."