टेकडीवर राणी नव्हती

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

लिहून ठेवणार: अन्नपूर्णा किसनराव शेजोळ, वय सदुसष्ट, शिक्षण मॅट्रिक पास, काम घरकाम, राहणार खैरडोह (पुनर्वसन), तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा.

हे मृत्युपत्र मी देवपूजा आटोपून, चष्मा लावून, दिवसाउजेडी माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धरून बसवलेले नाही आणि मजकूरही कोणी सांगत नाही. माझा मुलगा शेखर याने मागच्या वर्षीच्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, गावात, बँकेत आणि मेहकरच्या बसस्टँडवर 'आईचं डोकं चालत नाही' असे सांगणे सुरू केले आहे. म्हणून मेहकरला जाऊन डॉ. प्रसेनजित वानखडे यांच्याकडून तपासून घेतले. ते म्हणाले, "आजी, राग सोडला तर सगळं नॉर्मल आहे." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. राग सोडण्याचा विचार नाही.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवलाच, तर तो माझा नाही असे समजावे.

कलम २. माझी सोन्याची पोत, तांब्याची भांडी, देवघरातले देव आणि पोस्टातली ठेव माझी मुलगी रेणुका, राहणार सुलतानपूर, हिला द्यावी. तिने आजवर काही मागितले नाही, म्हणून तिला विचारत न बसता द्यावी. शेखरला यातले काही नाही. त्याला मी हयातीतच मोटारबोट घेऊन दिली आहे. त्याचा वाटा पाण्यावर फिरतो आहे.

कलम ३. राहते घर, यजमानांच्या मागे माझ्या नावावर आलेले, शेखरला. भिंतीला ओल आहे, ती त्याने पाहावी.

हे घर कसे मिळाले तेही लिहून ठेवते, कारण पुढच्यांना वाटेल सरकारने मायेने दिले. आमचे जुने खैरडोह धरणात जाणार हे ठरले तेव्हा मोजणीचा साहेब आला. चुलीमागे एक कुटुंब आणि कुटुंबामागे नव्या गावात एक प्लॉट, असा हिशेब होता. आमचे घर एकत्र. माझे थोरले दीर हिंमतराव माझ्याशी कधी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. ते माझ्या यजमानांना माझ्या देखत म्हणाले, "किसना, तुह्या बायकोले सांग, उद्या पडवीत दुसरी चूल मांड. साहेब गेला का मोडून टाकू."

मी चूल मांडली. साहेब आला, धूर पाहिला, लिहून घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आतल्या चुलीकडे निघाले, तर माझी जाऊ सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "तुही चूल बाहेर आहे नं? मंग इकडं काऊन येऊन राह्यली?" मला वाटले, थट्टा करते आहे. मी हसलेसुद्धा. ती चूल मोडली गेली नाही. पुढे कागदावर शेतही वाटले. काळी जमीन हिंमतरावांच्या नावे, तिचा मोबदला त्यांना. आमच्या वाट्याला देवळाची टेकडी, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही. ती धरणाच्या पाण्यापेक्षा उंच, म्हणून सरकारलाही नको होती. यजमानांनी ती माझ्या नावावर करून दिली. बायकोला काहीतरी दिले असे त्यांना वाटले असेल.

पुढे टेकडीवर माणसे यायला लागली तेव्हा हिंमतरावांनी निरोप पाठवला की वाटणी फक्त कागदावरची होती. मी उलट निरोप पाठवला की चूल मात्र खरी पेटली होती. हिंमतराव आता नाहीत. सिंधूताई आहे. गावाच्या त्या टोकाला राहते. आम्ही बोलत नाही.

कलम ४. आता टेकडी. हेच खरे कलम आहे. बाकीचे त्याच्यासाठी लिहिले.

वकिलाने चतुःसीमा लिहायला सांगितल्या. पूर्वेस पाणी, त्याखाली आमचे घर व गोठा. दक्षिणेस पाणी, त्याखाली गावठाणाची पांढरी व बौद्धवाडा. पश्चिमेस पाणी, त्याखाली हिंमतरावांची काळी जमीन. उत्तरेस पाणी, त्याखाली नदी. वकील म्हणाला, एवढे लिहायची गरज नाही. मी म्हटले, मी लिहिणार.

हिला लोक आता बेट म्हणतात. शेखरने काठावर पाटी लावली आहे, 'राणी बेट'. तो पर्यटकांना सांगतो की मोगलांच्या भीतीने एका राणीने इथल्या एका दगडावरून पाण्यात उडी घेतली. शहाणी माणसे ऐकतात आणि त्या दगडावर उभी राहून फोटो काढतात. त्या राणीच्या काळात इथे पाणीच नव्हते, हे एकालाही सुचत नाही. या टेकडीवरून कोणतीही राणी बुडालेली नाही. बुडाले ते आमचे गाव. पण त्याला गिऱ्हाईक नाही.

खरे आहे ते असे. वर काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ आहे. कोणी बांधले ते माझ्या आजेसासऱ्यांनाही माहीत नव्हते, म्हणून मीही सांगत नाही. पुढे दीपमाळ आहे. पोळ्याला गावचे सगळे बैल वर नेऊन देवळाभोवती फिरवायचे. दीपमाळेचा खालचा भाग गुळगुळीत दिसतो ती कारागिरी नाही. गुरांनी अंग घासून केलेले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की चिखलातून घरांची जोती वर येतात. मागे एका पाहुण्याने मला विचारले, "मावशी, ही किल्ल्याची तटबंदी का?" ती आमच्या गोठ्याची भिंत होती. मी हो म्हटले. भाकरी करायची होती, वेळ नव्हता.

लोकांनी येऊ नये असे माझे म्हणणे नाही. पाहण्यासारखे आहे ते आहेच. थंडीत लांबून बदके येतात, तेव्हा सकाळी सगळे पाणी पांढरे दिसते. देवळात दुपारी उन्हाचा एक पट्टा पिंडीपर्यंत येतो. असा गारवा मेहकरच्या कोणत्याही एसीत नाही. पण शेखरने मलकापूरच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणे केले आहे. तंबू, खानावळ, रात्री नाचगाणे आणि पोहायला हौद. चारी बाजूंनी पाणी, त्यात हौद. देवळाला 'जुना लूक' येण्यासाठी रंग देणार म्हणे. देऊळ जुनेच आहे, हे त्या हॉटेलवाल्याला कोणी सांगितले नसावे. फक्त आईची सही बाकी आहे.

आता मागच्या वर्षीच्या आखाजीचे लिहिते. अक्षय्य तृतीयेला आम्ही गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. ज्यांचे घर पाण्याखाली आहे ते आपल्या जोत्यावर ठेवतात. जोते उघडे पडले नसेल तर टेकडीवरून घराच्या दिशेने ठेवतात. गाव पाण्याने नेले तरी पितरांना पाणी द्यावेच लागते. सगळ्या विस्थापित बायका त्या दिवशी नावेने जातात. आजवर कोणी अडवले नव्हते.

त्या दिवशी शेखरने काठावर दोर बांधला आणि टेबल टाकले. वर चिखलीच्या कोणाचे तरी लग्नाआधीचे शूटिंग चालू होते. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या. सगळ्यात पुढे सिंधूताई, अनवाणी, सासूच्या नावाची घागर घेऊन. शेखर तिला म्हणाला, "काकू, आज बुकिंग आहे. तिकीट घ्या अन् अर्ध्या तासात खाली या."

सिंधूताईने टेबलाकडे पाठ केली. मी बाभळीखाली उभी होते, माझ्याकडे वळली. आमचे बोलणे तुटल्यानंतरचे तिचे हे पहिले शब्द. "अन्नपूर्णा, आपल्या सासूले तिकीट लावलं वं तुह्या पोरानं."

मी शेखरला म्हटले, दोर सोड.

"आई, धंद्याच्या मधात येऊ नको. दगडाचं सोनं करून राह्यलो मी, अन् तुमचं आपलं घागर घागर!"

तेव्हा बौद्धवाड्यातला संघपाल आपली लाकडी नाव वळवून पलीकडच्या कपारीला घेऊन आला आणि ओरडला, "इकडून या वं मावश्याहो! आपली नाव बिनतिकिटाची हाय!" त्यांच्यात आखाजी करत नाहीत. पण त्याचेही घर खालीच आहे. सगळ्या बायका गेल्या. मी शेवटच्या खेपेला गेले. दुसऱ्या दिवसापासून शेखरने संघपालची नाव काठावर लागू दिली नाही, आणि आईचे डोके चालत नाही हे सांगायला सुरुवात केली.

तरी माझे डोके चालते तोवर ठरवते ते असे. सदर टेकडी देवळासह, दीपमाळेसह व कुसळासह खैरडोह जुने गावठाण समितीला द्यावी. या समितीत वरची आळी व बौद्धवाडा मिळून सगळी विस्थापित घरे सभासद आहेत. समिती चांगली आहे असे माझे म्हणणे नाही. तिचे आजवर कशावरही एकमत झालेले नाही. नव्या गावात बसथांबा कुठे असावा यावर भांडता भांडता एसटीच बंद झाली. म्हणूनच देते आहे. सर्व घरांची लेखी संमती असल्याशिवाय टेकडी विकू, भाड्याने देऊ किंवा गहाण ठेवू नये, अशी अट घालते. ती संमती सूर्यचंद्र असेपर्यंत होणार नाही, अशी माझी खात्री आहे.

पाहुण्यांनी यावे, देव पाहावा, पक्षी पाहावेत, कचरा परत न्यावा. दारू, मटण, डीजे नाही. नावेचे भाडे नाववाल्याचे, टेकडीचे तिकीट कोणाचेच नाही. संघपालला व त्याच्या मुलाबाळांना नाव लावण्याचा हक्क कायमचा राहील. 'राणी बेट' ही पाटी काढावी. लोखंड चांगले आहे, भंगारात फुकट घालवू नये.

शेखर या कलमाविरुद्ध कोर्टात गेला तर कलम ३ मधले घरही रेणुकाला जाईल. शेखर, तू माझा मुलगा आहेस. ताप आला की रात्रभर माझा पदर सोडायचा नाहीस. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच तोंडी न सांगता कागदावर लिहिते आहे. समोर बसलास तर मी सही करून देईन.

कलम ५. माझ्या मागे तेरवी साधी करावी. वरण, भात, भाजी, गोड म्हणून शिरा. फ्लेक्स लावू नये. हयातीत माझा फोटो कोणी काढला नाही, मेल्यावर चौकात नको. राख नाशिकला नेऊन एसटीचे भाडे घालवू नये. पूर्वेच्या पाण्यात सोडावी.

कलम ६. या सगळ्याची अंमलबजावणी रेणुकाने करावी. साक्षीदार दोन. पहिले वर लिहिलेले डॉक्टर. दुसरी सिंधूताई. कोणी विचारेल तिलाच का. तिला यातून काही मिळत नाही, आणि तिने माझी बाजू घेतली असा आरोप उभ्या तालुक्यात कोणी करू शकणार नाही. काल स्वतः तिच्या दारात गेले. बस म्हणाली नाही.

"काय पाह्यजे?"

"सही. साक्षीदार म्हणून."

"मले काय भेटते त्याच्यात?"

"काहीच नाही."

"मंग वाचून दाखव."

सगळे वाचून दाखवले. चुलीपाशी आले तेव्हा ती भिंतीकडे पाहत होती. टेकडीपाशी आले तेव्हा म्हणाली, "हे पुन्हा वाच." पुन्हा वाचले. मग म्हणाली, "उद्या डॉक्टर येईन तवा बोलाव. पण मी नुसती सही करणार नाही. माह्यं बी लिहीन." मी म्हटले, लिही. ही तिच्या दारातली हकीकत तेवढी त्यानंतर घातली. वरचे सर्व मी वाचून, समजून आज सही केली आहे. पुढे ज्यांना हे कडू लागेल त्यांनी पाणी प्यावे. आमच्याकडे ते भरपूर आहे.

ठिकाण: खैरडोह (पुनर्वसन), ता. मेहकर, जि. बुलढाणा
दिनांक: १४ जून २०२५

सही: अन्नपूर्णा किसनराव शेजोळ

साक्षीदार १: डॉ. प्रसेनजित वानखडे, मेहकर. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर व समंजस आहेत.

साक्षीदार २: सिंधूताई हिंमतराव शेजोळ, खैरडोह. माझ्याबद्दल लिहिले ते सगळे खोटे आहे. टेकडीबद्दल लिहिले ते सगळे खरे आहे. सही तिने माझ्यासमोर केली, कोर्टात येऊन सांगीन.