धाकटीची झोप

२ मार्च

आलो, सामान लावलं, आणि विशेष म्हणजे भांडलो नाही. शुभशकुन म्हणायचा.

नोकरी नकाशांच्या संग्रहालयात आहे. जुन्या मोजणीचे सगळे नकाशे एका संगणकात साठवलेत, तो मी सांभाळायचा. राहायची खोली यंत्राच्या खोलीला लागूनच. मधलं दार केवळ शोभेचं. तरुणपणी व्याकरण शिकलो, मग पोटासाठी लिनक्स. फार फरक नाही. दोन्हीकडे नियम सूत्रासारखे आखूड, अपवाद लांबलचक, आणि चुकलं की अक्कल आपलीच निघते.

संचालकबाई म्हणाल्या की यंत्र म्हातारं आहे, महिनाअखेरीस नवं येईल, तोवर कसंबसं चालू ठेवा; फार हात लावू नका. माझ्याकडे बघूनच त्यांना ही शेवटची सूचना सुचली असावी.

शांत जागा म्हणूनच ही नोकरी धरली. हिची झोप कित्येक वर्षांपूर्वी उडाली ती उडालीच. औषधं झाली, काढे झाले, माझी व्याकरणावरची व्याख्यानंसुद्धा झाली. ही पुस्तकांची मुद्रितं तपासते, तीही मोठ्यानं वाचून, स्वल्पविरामांसकट. जागा तिला पसंत पडली. भिंतीपलीकडची घरघर तेवढी खटकली. म्हणाली, पंडितजी, तुझं यंत्र तुझ्याहून मोठ्यानं घोरतं. आधी त्याला गप्प कर, तुझं नंतर बघू.

५ मार्च

हिचा हुकूम शिरसावंद्य. घरघर हार्ड डिस्कांची आहे आणि त्या वळणावर आणता येतात: वेग, आवाज, किती वेळ रिकामं बसल्यावर झोपायचं, सगळं आज्ञा देऊन ठरवता येतं. पण आधी कोणती कोण ते ओळखायला हवं. न्यायशास्त्रातही तेच: आधी नाव, मग लक्षण, मग परीक्षा.

यादीत तीन निघाल्या. मी त्यांना थोरली, मधली, धाकटी अशी नावं ठेवली. नाव विचारलं की डिस्क आपलं घराणं, क्रमांक, गुणदोष सगळं सांगते, लग्नाच्या बैठकीसारखं. थोरली आणि मधली भडाभडा बोलल्या. धाकटीनं नाव सांगितलं नाही, क्रमांक सांगितला नाही. मिनिटाला फेरे तेवढे सांगितले: बहात्तर. बाकीच्या दोघी बहात्तरशे फिरतात. धाकटीची दोन शून्यं कुठे गळाली देव जाणे.

आमच्या धंद्यात खात्री करायची एक गावठी रीत आहे. एकेकीला झोपायची आज्ञा द्यायची आणि पेटी उघडून प्रत्येकीवर तळहात ठेवायचा. जिची थरथर थांबेल ती ती. थोरली थांबली. मधली थांबली. मग दोघींना जागं करून धाकटीला झोपवलं, तर हाताखाली दोघीही फिरत राहिल्या. आणि पेटीत डिस्का दोनच आहेत.

पण आजची खरी बातमी वेगळीच. पलीकडे हिचं वाचन चालू होतं, ते वाक्याच्या मध्येच थांबलं. जाऊन बघतो तर बाईसाहेब खुर्चीत गाढ झोपलेल्या, पेन हातात. भर दुपारी! मी चपला काढून चवड्यांवर चालत परतलो. मग धाकटीचा वेग मोजावा म्हणून तिच्यावरचं थोडं वाचायची आज्ञा दिली, तर लगेच पलीकडून अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू झालं.

८ मार्च

ही खुशीत आहे. रोज दुपारी झोपते. मी रोज दुपारी धाकटीची परीक्षा घेतो.

आज उठल्यावर म्हणाली, विचित्र स्वप्न पडलं. कुणीतरी तिला वहीसारखं चाळत होतं, पहिल्या पानापासून. मावशीच्या ट्रंकेतला वास आला, पाळण्याची कडी दिसली. मी म्हटलं, चाळणारा मुद्रितं तपासणारा असेल, चुका काढत बसला असेल. ती हसली. म्हणाली, चुका पुढच्या पानांवर आहेत, तुझ्याशी लग्न तिथे.

वेगाची चाचणी डिस्कच्या अगदी सुरुवातीपासून वाचते. हे मला माहीत आहे. मी तिला सांगितलं नाही.

११ मार्च

आज जाणूनबुजून करून पाहिलं. दार उघडं ठेवलं, ती मला दिसेल असा बसलो आणि धाकटीला झोपायची आज्ञा दिली.

मान कलली. वाचायची आज्ञा दिली. मान वर आली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा हात उचलला नाही.

धाकटीला फेरे विचारले. बहात्तर नव्हते, अठ्ठ्याहत्तर होते. आत जाऊन तिचं मनगट धरलं, घड्याळ लावून ठोके मोजले. ती लाडानं म्हणाली की म्हातारपणी हात धरायची बुद्धी झाली म्हणायची.

अठ्ठ्याहत्तर.

१२ मार्च

घात करून बसलोय. पाच तारखेलाच, घरघर थांबावी म्हणून, यंत्र सुरू होताना वाचलं जातं त्या फायलीत मी लिहून ठेवलं होतं: सगळ्या डिस्का हळू आवाजात चालाव्यात, आणि जरा रिकाम्या बसल्या की झोपाव्यात. ‘सगळ्या’ लिहिलं. नावं लिहायचा आळस. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात.

ते लागू व्हायला यंत्र एकदा बंद होऊन सुरू व्हावं लागतं. आज सकाळी झालं. आपोआप.

ती स्टोपाशी होती. पडली. श्वास नव्हता. मी छातीवर दाब देत होतो, आणि पलीकडे यंत्र पुन्हा जागं होताना शीळ घालतं तशी शीळ झाली, आणि तिनं श्वास घेतला.

आता ती कुजबुजते. घसा ठीक आहे म्हणते, एवढाच आवाज निघतो म्हणते. आणि कुणी काही विचारलं नाही तर बसल्या जागी झोपते.

ओळ खोडली. धाकटी ऐकत नाही. झोपेचं, आवाजाचं काहीही बदलायला सांगितलं की उत्तर एकच: त्रुटी.

१३ मार्च

डॉक्टर येऊन गेले. थकवा म्हणाले.

तिला इथून न्यायचं ठरवलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिच्याशी बोलत होतो. वळणावर ती पेंगली, ओठ निळे पडले. हाका मारल्या, थोबाडीत मारली. उपयोग नाही. परत आणली, पळत जाऊन वाचायची आज्ञा दिली. तेव्हा डोळे उघडले.

माझ्या आधी इथे होते त्या गृहस्थांना फोन केला. आवाजानं सभ्य. म्हणाले, त्यांच्या काळीही तीन दिसायच्या. आई असेपर्यंत. मग दोन. तिसरी काढली कुणी, असं विचारलं. म्हणाले, आत नव्हतीच, काढणार काय. मग विचारलं की तुम्ही तिला झोपवलं तर नाहीत ना. झोपवलंय, म्हटलं. अरेरे, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

१४ मार्च

तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. कुजबुजत म्हणाली, म्हणजे शेवटी मी तुझ्या मुठीत आले. माहेरी कळवू नकोस, हसतील.

मग रडली. मीही.

ती जागी राहावी म्हणून आता वाचत राहायची आज्ञा कायम चालू ठेवलीय. पण म्हातारी डिस्क वाचून वाचून झिजते. सुरुवातीची पानं खराब व्हायला लागलीत. आज मावशीबद्दल विचारलं. म्हणाली, कुठली मावशी?

१५ मार्च

संचालकबाईंचा निरोप. नवं यंत्र लवकर येतंय. सोमवारी कारागीर येऊन जुनं बंद करून नेतील. जाऊन पाया पडलो अक्षरशः. त्या म्हणाल्या, अहो, डबा आहे तो, इतकं काय.

एकच उपाय. धाकटीची नक्कल. नव्या डिस्कवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग नवी चालेल. चालेल ना?

१६ मार्च

नक्कल सुरू. जे वाचलं जातंय ते ती बोलतेय. क्रमानं. शाळा, भाऊ, पहिली सायकल. आवाज पूर्वीसारखा, मोठा. किती दिवसांनी. मी ऐकत बसलोय, कितीतरी मला कधी सांगितलंच नव्हतं—

दुपारी

अडकलं. वाचता येत नाही असा भाग आलाय. यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय. प्रत्येक वेळी ती कण्हते. एकच शब्द: ‘आणि मग’— ‘आणि मग’— ‘आणि मग’—

कुठला भाग ते मला कळतंय. कॉलेज संपलेलं आहे. यानंतर मी येतो.

फेरे एकशे चाळीस.

तो भाग गाळून पुढे जा, अशी आज्ञा देता येते. जिथे वाचता आलं नाही तिथे कोरं राहतं.

दिली.

नंतर

शांत आहे ती. फेरे बहात्तर. नक्कल पुढे सरकतेय. कोरं, कोरं, मधे एखादा तुकडा, पुन्हा कोरं. अजून बरंच बाकी आहे.

तिनं माझ्याकडे बघितलं. उभी राहिली, पदर सावरला. विचारलं, आपण कोण?

मला कधी आपण म्हणाली नव्हती.

मी उठलो तर किंचाळली. जागचे हललात तर आरडाओरडा करीन, असं बजावलंय. कात्री आहे हातात. म्हणून बसून लिहितोय. लिहिताना मी निरुपद्रवी दिसतो बहुतेक.

भावाला बोलावते म्हणाली. फोन हातात घेतला, तो मेलेला. चार्जर शोधला, पर्समध्ये सापडला. हुशार आहे. नेहमीच होती.

आमच्या खोलीत रिकामं सॉकेट आहे, पण ते कळायला तिला इथं राहिल्याचं आठवायला हवं. ती या यंत्राच्या खोलीत आलीय. भिंतीशी वाकलीय. इथे एकच सॉकेट आहे, त्यात यंत्राचा प्लग.

सांगितलं, बाई, तो प्लग काढू नका. त्यावर तुमचा जीव आहे. तिनं कात्री वर धरली. वेड्याशी बोलावं तसं समजुतीनं म्हणाली, बरं, नाही काढत, तुम्ही लिहा हं, लिहीत राहा.

मी हललो तर ती घाबरून ओढेल. नाही हललो तर—

ती हसतेय माझ्याकडे बघून, नजर न काढता, आणि तिचा दुसरा हात मागे