कापलेल्या टेपांचा डबा

मोठ्या कंपन्यांनी ज्यांचे गळे वापरले आणि नावे कचऱ्यात टाकली, त्या माझ्या गायक-वादक मंडळींनो, हे मृत्युपत्र तुमच्यासमोर वाचले जावे अशी माझी इच्छा आहे. तबकडीवर आपले नाव न छापले जाण्याची जखम तुम्हा प्रत्येकाच्या अंगावर आहे. तिच्यावर मी चाळीस वर्षे भाषणे ठोकली. त्यांतली एक जखम माझ्या हातची आहे, आणि ती झाली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तुमच्यात 'भोंगा' म्हणून ओळखला जाणारा, या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला त्या गाण्याबद्दल विचारले नव्हते.

कलम १. राहते घर व पुस्तके पत्नीला. पुस्तकांच्या समासात मी जागोजागी लेखकांशी भांडलो आहे, ते तिने मनावर घेऊ नये.

कलम २. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि भिंतींना गाद्या ठोकलेली मागची खोली आमच्या ध्वनिमुद्रकाला. दाराला खांदा लावावा लागतो, हे त्याला सांगायला नको.

कलम ३. मोठ्या कंपनीच्या ज्या व्यवस्थापकाने मला 'दोन खोल्यांचा बादशहा' म्हटले, त्याला आमच्या पहिल्या तबकडीची एक प्रत द्यावी. तिच्यावरचा ओरखडा मी मुद्दाम काढला आहे.

कलम ४. कंपनी, तिचे नाव आणि सर्व मूळ टेपा मेहुणीला. हे गेल्या महिन्यात लिहिले होते. रद्द.

कलम ५. कलम ४ मधले सर्व पत्नीला. हे परवा लिहिले, काल खोडले. कारण सांगतो.

पहिल्या तबकडीसाठी आमच्याकडे गाणे एक होते आणि गाणाऱ्या दोघी: माझी पत्नी आणि तिची धाकटी बहीण. दोघींचा गुरू एक, ढंग एक. दोघींनी तेच गाणे वेगवेगळ्या दिवशी म्हटले. निवड आवाजावर व्हावी, नात्यावर नाही, हे माझे तत्त्व. प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रक गाणारीचे नाव पुकारतो. ते दोन्ही पुकारे मी त्याला कापायला लावले आणि टेपा चिठ्ठीशिवाय अदलाबदल करून लावायला सांगितल्या. आम्ही सहा जणांनी डोळे मिटून ऐकले आणि एकमताने एक टेप निवडली. टाळ्याही वाजवल्या. मग लक्षात आले, की ती कोणाची हे आता कोणालाच सांगता येत नाही.

दोघींना ऐकवली. स्वतःचा मुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकताना माणसाला परकाच वाटतो. धाकटी म्हणाली, माझी असावी. पत्नी माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही सांगा," एवढेच म्हणाली.

मी सांगितले, धाकटीची. खात्री नव्हती. पण पहिल्याच तबकडीवर बायकोचे नाव छापले तर लोक म्हणणार, बघा, भाषणे जगासाठी आणि माइक घरच्यांसाठी. त्या भीतीलाही मी तत्त्वच म्हटले. गाणे घरोघर वाजले, मेहुणी मोठी गायिका झाली, कंपनी उभी राहिली. पत्नी मागच्या खोलीत तबकड्या पाकिटांत भरू लागली. पुन्हा माइकसमोर आली नाही.

गेल्या वर्षी धीर करून तिला विचारले. पाकीट चिकटवत ती म्हणाली, "नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखता आला नाही. आता ते कोणाचं होतं हे कळून मी काय करू?" मेहुणीला विचारले तर ती हसून म्हणाली, "भावजी, इतकी वर्षं मीच म्हणतेय ना ते." दुसऱ्या दिवशी मात्र तिचा फोन आला, ताई काही बोलली का म्हणून.

मी रोज ते गाणे लावतो. सकाळी पत्नीचे वाटते, संध्याकाळी मेहुणीचे.

कलम ६. पत्र्याचा डबा. गेल्या आठवड्यात ध्वनिमुद्रकाने तो आणून दिला. कापलेले पुकारे त्याने आजवर जपून ठेवले होते, आवाज फेकवत नाही म्हणे. इतकी वर्षे बोलला का नाहीस, असे विचारले तर म्हणाला, तुम्ही बोलायचे थांबलात कधी? तेव्हा आम्ही टेप पत्नीच्या शिवणाच्या कात्रीने अंदाजाने कापत असू. म्हणून टोके वेडीवाकडी आहेत आणि प्रत्येक तुकडा ज्या टेपेचा, तिलाच बसेल. मी डबा तीनदा हातात घेतला. उघडला नाही. माझ्या मृत्यूनंतर तो उघडावा आणि गाणे जिचे निघेल तिला कंपनी द्यावी, असे इथे लिहून मी साक्षीसाठी कागद ध्वनिमुद्रकापुढे सरकवला. त्याने पेन खाली ठेवले.

"भाऊ, मेल्यावर सांगणार? मग वहिनींनी भांडायचं कुणाशी, फोटोशी?"

म्हणून 'मृत्यूनंतर' हा शब्द खोडला आहे. बाकी कायम. तुकड्यातून कोणाचे नाव यावे असे मला वाटते, हे मला कळत नाही. पत्नीचे आले तर मी तिचे गाणे लुबाडले. मेहुणीचे आले, तरी पत्नीचा आवाज मला ओळखता आला नव्हता, हे उरतेच. मी गोंधळलो आहे, तुम्ही गोंधळू नका. मंडळींनो, येत्या रविवारी सकाळी दहाला, मी जिवंत असताना, मागच्या खोलीत या, दोघींना पुढे बसवा, तुकडा जोडा आणि टेप लावा.

स्थळ: मागची खोली. गुरुवार, दुपार.
सही: भोंगा
साक्षीदार: १. ध्वनिमुद्रक (खाडाखोड पाहून मगच सही केली)
२. पाकिटे छापणारा मुद्रक (त्या गाण्याच्या नव्या पाकिटावर गायिकेच्या नावाची जागा रविवारपर्यंत कोरी ठेवली आहे)