छत्तिसावा फोटो

त्या सकाळी मी करपलेलं पातेलं घासत होते. मागून खट् असा आवाज आला. "केस तरी नीट करू द्यायचे होते," मी म्हटलं.

"म्हणूनच नाही दिले," हे म्हणाले, कॅमेऱ्यात नवा रोल भरला आणि बाहेर पडले. दुपारी चौकात कोसळले ते उठलेच नाहीत.

मी, त्यांची विधवा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून बघावा.

१. राहती खोली नणंदेच्या मुलीला. ती न सांगता भांडी घासते आणि सल्ला देत नाही.

२. कॅमेऱ्याचा तिपायी स्टँड धाकट्या दिरांना. ह्यांनी तो कधी वापरला नाही. कॅमेरा पोटाशी, डोळा न लावता, कोणाशी तरी गप्पा मारता मारता फोटो. समोरचा सावरून हसला की तो बाद. दीर ह्यांना जन्मभर रिकामटेकडा म्हणाले आणि ह्यांच्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसले, स्टँडसारखे ताठ.

३. निगेटिव्हच्या सगळ्या पेट्या वाचनालयाला, जिथे मी एकेक अक्षर लावत वाचायला शिकले. ह्यांच्या कलादालनवाल्या मित्राला एक पट्टीसुद्धा देऊ नये. त्याने ह्यांचा 'अखेरचा फोटो' भिंतीएवढा लावलाय : रिकामा चौक, तिरका खांब, एक कुत्रं. त्यावर अकरा पानं लिहिली. मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. म्हणे, मृत्यूची चाहूल.

"हा ह्यांनी काढलेला नाही," मी त्याला सांगितलं.

"वहिनी, तुम्ही बसा, चहा घ्या. हा नजरेचा विषय आहे."

४. त्या फोटोखालचं ह्यांचं नाव काढावं. पुरावा पेट्यांत आहे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, पण हे रस्त्यावर पस्तीसच काढत. छत्तिसावा घरी येऊन, मी बेसावध असताना. चारशे बारा रोल, चारशे अकरा वेळा माझी पाठ. त्या नजरवाल्याने हे सगळे 'घरगुती' म्हणून न बघताच बाजूला टाकले.

शेवटच्या रोलमधला छत्तिसावा उरला होता. दवाखान्यातून कॅमेरा माझ्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी मी तो पोटाशी धरून त्या चौकात गेले आणि डोळा न लावता बटण दाबलं.

सही : वर लिहिलेली मी
साक्षीदार : तळमजल्यावरचे किल्लीवाले, वाचनालयाच्या बाई
स्थळ : माझं स्वयंपाकघर
दिनांक : ३ मार्च, सकाळी, भांडी झाल्यावर