लाडकीच्या आवणीला मी का गेले नाही

सरिता,

तू नदीवरून यायच्या आत निघते. लाडकीकडे चाललेय.

काल बोअरिंगवर बायका तुला टोचून बोलल्या, ते माझ्यामुळे. लाडकीच्या घरची तिघं आपल्या भाताच्या आवणीला, रोपं लावायला राबली, आणि तिच्या आवणीला मी गेले नाही. तिने विचारलं तर म्हटलं, "सुनेने सोडलं नाही," आणि सगळं तुझ्यावर ढकललं. खरं म्हणजे डहाणूच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत बंद केल्या, तेव्हापासून बोटं पुन्हा सुजतात. त्या सकाळी रोपांची जुडी मुठीत धरवेना. पाड्यात माझ्यासारखा हात कोणाचा नाही असं मीच मिरवायचे, मग कुठल्या तोंडाने सांगणार? तुलाही नाही सांगितलं.

आज तिचं वरचं शेत लावतायत. माझ्याने लावणं होणार नाही, पण सगळ्यांसमोर खरं सांगते आणि बांधावर बसून त्यांची पोरं सांभाळते.

उरलेल्या गोळ्या तुझ्या पेटीवर ठेवल्यात. लपवून ठेव, बोटं ठणकली की डॉक्टरांना न विचारता घेईन, मलाच माझा भरवसा नाही.

डब्यातली भाकर तशीच आहे. रुसून नाही सोडली गं. झाकण उघडेना.

आई